पानदानाचा फोटो

आजीच्या कार्डावर परदेशात कुणीतरी बूट घेतले, हे तुमच्या बाबांनी सांगितलं तेव्हा तुम्ही दोघं फोनवर पोट धरून हसलात. "आजी, कितव्या नंबरचे?" असं धाकटीनं विचारलंसुद्धा. मीही हसले. बूट, मनगटी घड्याळ, स्वयंपाकघरातलं कसलंसं यंत्र, सगळं माझ्या नावावर लागलं होतं आणि बँकेनं ते पुढे काढून टाकलं. तेवढा भाग हसण्यासारखाच आहे. पण त्याची सुरुवात एका पानदानापासून झाली आणि ते पानदान मोठ्या आजीसाठी होतं. हे फोनवर सांगायला मला जमलं नाही. बोलणं रंगात येतं आणि तुमची शाळेची बस दारात येते. म्हणून लिहिते आहे.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ, तुमच्या आजोबांच्या मोठ्या भावाची बायको. मी त्यांना अक्का म्हणते. त्या सास्तूरला मुलाकडे आणि सुनेकडे असतात. मी मुरुमला. इथल्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं म्हणून अक्का मला नावानं हाक मारत नाहीत, मास्तरीण म्हणतात. कौतुक असलं तरी मास्तरीण आणि टोमणा असला तरी मास्तरीण. त्यांचं माहेर बिदरकडचं, घरची भाषा कानडी. अजूनही मी दारात दिसले की "बा, कूत्को" म्हणतात, म्हणजे ये, बस. मग पुढचं सगळं मराठीत.

लग्न होऊन आल्या तेव्हा अक्कांनी माहेरून एक बिदरी पानदान आणलं होतं. काळ्याभोर धातूवर चांदीची बारीक वेल, आठ कोनांचा डबा आणि झाकणावर कळीसारखी मूठ. मी या घरात आले तेव्हा दुपारची जेवणं झाली की सासूबाई आणि अक्का ते मध्ये ठेवून बसायच्या. सासूबाई अडकित्त्यानं सुपारी कातरायच्या, अक्का पानाला चुना लावायच्या. फारसं बोलायच्या नाहीत. मला त्यांचं नवल वाटायचं, कारण माझ्या माहेरी सासू आणि सून इतका वेळ एका चटईवर बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं सास्तूर पडलं. सासूबाई त्यात गेल्या. अक्का बाहेर अंगणात होत्या म्हणून राहिल्या. नंतर ढिगारा उपसला तेव्हा परात सापडली, जातं सापडलं, लग्नातली घागर चेपलेली सापडली. पानदान सापडलं नाही. भिंतीवर सासूबाईंचा एकच फोटो होता, तोही गेला. नव्या गावात सरकारी घर मिळालं आणि अक्कांनी त्यात संसार पुन्हा मांडला, पण सासूबाईंविषयी त्या कधीही बोलल्या नाहीत. पानदानाविषयी मात्र बोलायच्या. कुणाकडे लग्नाला गेल्या आणि तिथं पानदान दिसलं की उचलून हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आमचं ह्याच्याहून जड व्हतं." मला पुष्कळ वर्षांनी कळलं की पानदान आणि सासूबाई या त्यांच्यासाठी दोन गोष्टी नव्हत्या.

मागच्या येळवशीला मी सास्तूरला गेले होते. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही लहान असताना एकदा आला होतात. शेतात कडब्याची खोप करतात, पांडवांची पूजा होते, आणि भज्जी, बाजरीची भाकरी न् आंबील खाऊन माणसं दिवसभर शेतातच बसतात. त्याआधी काही दिवस मी घरी बसून फोनवर बिदरी पानदान शोधलं होतं. तसं करण्याचं विशेष कारण नव्हतं. अक्कांचा एक डोळा गेला आहे, दुसऱ्यालाही वस्तू अगदी जवळ धरावी लागते, तेव्हा आता नाही तर कधी, असं वाटलं. एकदा शोधलं की फोन ते विसरत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. येळवशीच्या दुपारी खोपीत बसून तुमचे फोटो दाखवताना मध्येच ते पानदान आलं. आठ कोन, चांदीची वेल, झाकणावर कळी.

अक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्याला लावला. बराच वेळ तसाच धरून बसल्या.

"ह्येच," त्या म्हणाल्या.

"हेच कसं असेल अक्का? तसंच आहे."

"मास्तरीण, माझा डबा मला वळखू यीना व्हय? ह्येच हाय."

गल्लीतल्या बायका जेवायला आमच्याच शेतात आल्या होत्या. त्या भोवती गोळा झाल्या. एकीनं विचारलं, "भूकंपातलं हाय म्हंता? मंग इतकी वर्सं व्हतं कुठं?" दुसरी म्हणाली, "फिरत आसंल जग. आपल्याला न्हाय मिळालं, डब्याला तरी फिराय मिळालं." सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या, पण फोन सोडला नाही.

दुकान परदेशातलं होतं. मी सगळं नीट वाचलं. परत घेण्याचे नियम, पोचवण्याची मुदत, दुकानाची माहिती. इंग्रजीत एकही चूक नव्हती, आणि मी आयुष्यभर वह्या तपासत आल्यामुळे चूक नसलेल्या इंग्रजीवर माझा चटकन विश्वास बसतो. तुम्हाला वाढदिवसाला खेळणी पाठवता यावीत म्हणून तुमच्या बाबांनी माझं कार्ड परदेशी खरेदीसाठी चालू करून दिलं होतं. तेच कार्ड मी पर्समधून काढलं.

"पत्ता मुरुमचा देते, डबा आला की घेऊन येते," मी म्हणाले.

"नगं. हितला दे," अक्का म्हणाल्या. "माझं हाय. माझ्या दारात यीऊ दे."

मी सास्तूरचा पत्ता घातला, वर अक्कांचं नाव घातलं. कार्डाचा नंबर भरला. एरवी फोनवर जो ओटीपी येतो, तो आला नाही. पान थोडा वेळ फिरत राहिलं आणि पैसे भरले गेले नाहीत, पुन्हा प्रयत्न करा, असं आलं. मी पुन्हा भरला. पुन्हा तेच. त्या शेतात फोनला रेंज कधीच धड नसते. बोलायचं झालं तरी बांधावर जाऊन उभं राहावं लागतं. मला वाटलं, ओटीपी वाटेत अडकला आहे. म्हणून मी बांधावर गेले आणि नंबर आणखी एकदा भरला. परदेशी दुकानांना तो लागत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी आभाराचं पान आलं. अक्कांनी डब्यातली साखर काढून सगळ्यांच्या हातावर ठेवली, पहिल्यांदा माझ्या.

संध्याकाळी परतताना लोहाऱ्याला गाडी बदलली आणि तिथं फोनला रेंज आली. पर्समध्ये तो टिकटिकायला लागला तो थांबेना. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "कुणाचं लगीन जमलं का काय?" मी चष्मा लावून वाचलं. बूट. घड्याळ. ते यंत्र. कधीही न ऐकलेल्या दुकानांची नावं, एकाखाली एक.

घरी पोचेपर्यंत थांबले नाही, एसटीतूनच बँकेला फोन केला आणि कार्ड बंद करायला सांगितलं. पलीकडची मुलगी तरुण होती, आवाजानं समजूतदार.

"मॅडम, एकेक वाचते. बूट तुम्ही घेतलेत का?"

"नाही."

"घरातल्या कुणी?"

"घरात मी एकटी असते. आणि माझे गुडघे असे आहेत की मी चपलाच घालते."

ती हसली, मग सावरली. घड्याळ? नाही. यंत्र? नाही. शेवटी तिनं पानदानवाल्या दुकानाचं नाव वाचलं.

"ते माझं," मी म्हणाले. "ते मी घेतलंय."

"मॅडम, बहुतेक कार्डाचा नंबर तिथूनच बाहेर गेलाय. हेही फसवणुकीतच टाकू का?"

मी नाही म्हटलं. मी स्वतः घेतलेली वस्तू मी घेतली नाही असं लिहून द्यायला मला जमणार नव्हतं. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं की चोर असले तरी डबा पाठवतील. मुलगी म्हणाली की मग वस्तू आली नाही किंवा वेगळी आली, तर त्याची तक्रार निराळी करावी लागेल. मी बरं म्हटलं.

त्याच दिवशी सास्तूरला फोन करून सांगायला हवं होतं की अक्का, ते दुकान लबाड निघालं, वाट बघू नका. मी उद्यावर ढकललं. मग बँकेचे फॉर्म भरण्यात दिवस गेले. माझ्या न घेतलेल्या बुटांविषयी मी पानभर नीटनेटकं लिहीत होते आणि तिकडे अक्का टपालवाल्याला रोज पाणी विचारत होत्या. हे मला त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं.

एक दिवस तिचाच फोन आला. अक्कांना ती मामी म्हणते. "काकू, मामींचा डबा आला. पर पाकीट लई पातळ हाय."

"उघडू नका," मी म्हटलं. "मी येते."

"मामी आयकत्यात व्हय? उघडलं बी."

मी दुसऱ्या दिवशी गेले. पाकिटातून एक जाड चकचकीत फोटो निघाला होता, वहीच्या पानाएवढा. पानदानाचा. वेबसाइटवर होता तोच, आठ कोन, चांदीची वेल आणि कळी. काहीतरी पोचवल्याची नोंद व्हावी म्हणून ही दुकानं असलं काहीबाही पाठवतात, असं तुमचे बाबा नंतर म्हणाले.

गल्लीतल्या बायका आदल्या दिवशीच बघून गेल्या होत्या. मी आल्याचं कळल्यावर पुन्हा आल्या. मला वाटलं होतं अक्का खाली मान घालून बसल्या असतील. त्या चहा ठेवायला सांगत होत्या.

"डब्याचा फोटू आला, डबा मागनं यील," एक जण म्हणाली. तिला माझी थट्टा करायची होती.

अक्का म्हणाल्या, "सोयरीक जमताना बी आधी फोटूच येतो की गं."

"आन् नवरा आलाच न्हाय तर?"

"तर फोटूवर भागवायचं. तुझ्या नवऱ्यापरीस गप तरी बसंल."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि हळूहळू पांगल्या. मी अक्कांना सगळं सांगितलं, बूट, बँक, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुझं लई नुस्कान झालं का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, बँक बघते आहे.

मग मी वर पाहिलं. भिंतीला देवाची फळी आहे. तिच्यावर देवांच्या बाजूला तो फोटो टेकवून ठेवला होता. वरच्या कडेला हळद आणि कुंकवाचं बोट लावलेलं होतं, आणि पुढ्यात कातरलेल्या सुपारीचं एक खांड.

  मी फोननं त्याचा एक फोटो काढला, कारण बँकेला पुरावा लागणार होता.

बाकीचे व्यवहार बँकेनं मान्य केले आणि ते माझ्या नावावरून निघाले. पानदानाची तक्रार मात्र चालत राहिली. दुकानाला पत्र गेलं, त्यांचं उत्तर आलं. पुन्हा बिनचूक इंग्रजी. ग्राहकाला वस्तू पसंत नसेल तर ती आमच्या गोदामाला परत पाठवावी, मग विचार करू. बँकेची मुलगी म्हणाली, "मॅडम, ते काहीही लिहितील. पण तुम्ही परत पाठवल्याची पावती जोडली तर तक्रार तुमच्या बाजूनं जाईल. नाहीतर सोडून द्यावी लागेल."

तुमचे बाबा म्हणाले, "आई, सोडून दे. एवढ्यासाठी कशाला?"

मला सोडता येत नव्हतं. पैशांचं तितकं नव्हतं. तुमच्या आजीला अर्धवट राहिलेली गोष्ट बघवत नाही. उत्तर कोरं ठेवलेलं मी मुलांनाही कधी चालवून घेतलं नाही. आणि मला माझ्याच भाषेत फसवलं होतं. त्या दुकानाला एकदा तरी कागदोपत्री हरवायचं होतं.

मी सास्तूरला गेले. अक्का दारात गहू निवडत बसल्या होत्या.

"अक्का, तो फोटो न्यायला आलेय."

"न्ह्यायचा? कशाला?"

"तो त्यांना परत पाठवल्याशिवाय बँक ऐकत नाही."

 त्यांनी सुपातले गहू एका बाजूला सारले, परत दुसऱ्या बाजूला आणले. "पैशे परत येत्याल?"

"येतील."

"मग ने. माझ्यापायी तुला फटका नगं."

त्या उठल्या, फळीपाशी गेल्या आणि फोटो खाली घेतला. डोळ्याजवळ धरला. मला वाटलं शेवटचं बघताहेत. पण त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि वरच्या कडेचं हळद-कुंकू पुसायला लागल्या. कुंकू निघालं, हळदीचा डाग जाईना, तरी त्या घासत राहिल्या.

"राहू द्या अक्का," मी म्हटलं.

"नगं गं. बँकवाल्यास्नी घाण दिसंल. म्हंत्याल, मास्तरणीच्या घरचे कसले लोक."

तेव्हा मी तो त्यांच्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवायला हवा होता. तेवढंच करायचं होतं. मी पर्समधून पुठ्ठ्याचं पाकीट काढलं. फोटो मुडपला जाऊ नये म्हणून मी ते घरूनच आणलं होतं.

मुरुमला येऊन तो परदेशी रवाना केला, पावती बँकेला पाठवली, आणि काही आठवड्यांनी तक्रार माझ्या बाजूनं लागली. ज्या दिवशी तो संदेश आला त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला होता, हे लिहिताना आता बरं वाटत नाही.

अक्कांसाठी तसाच फोटो करून घ्यायचं माझ्या मनात होतंच. फोनमधला घेऊन मी इथल्या फोटो स्टुडिओत गेले. म्हटलं, होता त्याहून मोठा करा, चांगल्या कागदावर. दोन दिवसांनी आणायला गेले तर स्टुडिओवाल्यानं अभिमानानं पुढे ठेवला. "मॅडम, वर लाल-पिवळा डाग पडला होता. तो काढून टाकलाय. मागची फळी, सुपारी, सगळं साफ केलंय. डबा कसा उठून दिसतोय बघा."

खरंच उठून दिसत होता. त्याला काय म्हणणार? मी पैसे दिले आणि फ्रेम करून घेतला.

अक्कांनी तो दोन्ही हातांनी घेतला. उजेडाला नेऊन डोळ्याजवळ धरला, बोटानं काचेवरून वरची कड चाचपली.

"चांगला झालाय," त्या म्हणाल्या. "म्हागाचा दिसतोय."

"फळीवर ठेवू?"

"नगं. काच हाय, पोरं खेळत्यात, फुटंल." त्यांनी सुनेला हाक मारली आणि तो ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत ठेवायला लावला. घरात खेळणारी पोरं नाहीत. नातवंडं लातूरला शिकायला आहेत.

जेवताना मी विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. "अक्का, तोच तर फोटो आहे. फक्त मोठा केलाय."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "व्हय, त्योच की," त्या म्हणाल्या. मग, दुसरंच काही बोलावं तशा म्हणाल्या, "त्यो टपालानं आल्ता. माझ्या नावानं. टपालवाला दारात हुबा ऱ्हाऊन म्हनला, आजी, तुमचं आलंय. म्या म्हनलं, लई दिस लावले बाबा."

सून ताटं उचलायला आली आणि बोलणं तिथं थांबलं.

त्यानंतर मी दोन-तीनदा सास्तूरला जाऊन आले. अक्का पूर्वीसारख्याच आहेत. बा, कूत्को म्हणतात, तुम्ही काय खाता, तिकडे थंडी किती, सगळं विचारतात. पोरांनी बूट घेतले का, असं विचारून मला चिडवतात. त्यांच्या मनात काही राहिलं असेल असं त्यांच्या बोलण्यातून कधीही दिसलं नाही.

फक्त देवाच्या फळीवर त्या कडेला, जिथं फोटो होता तिथं, अजून सुपारीचं एक खांड असतं. रोजचं नवं. त्याच्या मागे नुसती भिंत आहे. मी हल्ली पाठ तिकडे येईल अशी खांबाच्या आडोशाला बसते. परवा गेले तेव्हा अक्कांच्या ते लक्षात आलं.

"हिकडं बस की मास्तरीण," त्या म्हणाल्या. "तिथं उजेड न्हाय."

मी उठले आणि त्यांच्याजवळ, फळीच्या समोर जाऊन बसले.